कातारकाम : पोकळी कोरण्याची हत्यारे

लेथवर फिरणाऱ्या लाकडाच्या ठोकळ्याचा अंतर्भाग कोरून काढून वाडगा, करंडा, कुपी किंवा अरुंद तोंडाचे भांडे तयार करण्यासाठी वापरावयाच्या हत्यारांचा हा एक वर्ग आहे. लाकूड बाहेरून कातण्याची हत्यारे बहुधा सरळ असतात व ती बाजारात तयार मिळतात. आतून कोरण्याचे हत्यार मात्र अनेकदा वाकडे असावे लागते आणि त्याचा बाक किती असावा, हे त्या भांड्याच्या पोटावरून ठरते. एका भांड्यास चालणारे हत्यार दुसऱ्यास चालेलच, असे नाही. त्यामुळे पोकळी कोरणारा कातारी दीर्घकाळ आपली हत्यारे स्वतःच घडवीत आला. मधल्या काळात हे काम त्याच्या हातून निसटले व त्याबरोबर पोकळी कोरण्याचे काही प्रकारही युरोपात जवळजवळ लुप्त झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा कातारी पुन्हा भट्टीकडे व कानशीकडे वळलेला दिसतो.

मराठीत सूतही कातले जाते आणि लाकूडही कातले जाते. परंतु ‘कातीव’ हे विशेषण लाकूड व दगड यांच्याकडेच गेले आहे. कातीव खांबाचे सौंदर्य सर्वांस दिसते. करंड्याचे झाकण उघडल्यावर आत जी गुळगुळीत पोकळी दिसते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कातारकामातील अवघड भाग मात्र बहुधा तोच असतो.

कार्याचे तत्त्व : बाहेरून कातताना हत्यार ज्यावर टेकवितात तो टेकू लाकडाच्या अगदी जवळ आणता येतो. आतून कोरताना टेकू भांड्याच्या तोंडाशीच थांबतो आणि हत्याराची दांडी तेथून पुढे निराधार राहते. अशी दांडी किती लवेल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. निराधार लांबी दुप्पट झाली, तर लवण्याचे प्रमाण आठपट होते. उलट गोल दांडीचा व्यास दुप्पट केला, तर ते सोळाव्या हिश्शावर येते. म्हणजे दांडी जाड असलेली बरी. परंतु भांड्याचे तोंडच ८–१० मिमी. व्यासाचे असेल, तर जाड दांडी आत जाणार कशी? लहान पोकळी-हत्यारांच्या रचनेतील मुख्य पेच हाच आहे. ४ ते ६ मिमी. व्यासाच्या दांडीने फार खोल जाता येत नाही आणि थोडे पुढे गेले, की हत्यार थरथरू लागते. या थरथरीचा ठसा लाकडावर खवल्यांसारखा उमटतो. अनुभवी कातारी तो दिसण्यापूर्वीच आवाजावरून ओळखतो, कारण आतले काम त्यास दिसतच नसते.

दुसरी अडचण पिळाची आहे. हत्याराचे टोक बाजूस वाकविले, की ते दांडीच्या अक्षरेषेपासून दूर जाते. फिरणारे लाकूड या टोकास खाली ढकलते व मूठ हातात पिळली जाते. यावर जुना उपाय असा, की दांडी आधी एका बाजूस व मग उलट बाजूस वाकवून टोक पुन्हा अक्षरेषेच्या जवळ आणावयाचे. हंसाच्या मानेसारख्या दिसणाऱ्या या हत्याराचा सरळ भाग टेकूवर राहील, बाक राहणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. शिवाय आतल्या भिंतीवर खरवडताना टोक मध्यरेषेच्या किंचित वर ठेवतात. मध्यरेषेच्या वर असलेले टोक दाबाने खाली गेले, तर त्याच्यासमोर पोकळी रुंद होत जाते व ते लाकडातून सुटते. मध्यरेषेच्या खाली असलेले टोक मात्र अधिकच रुतते आणि पातळ भिंतीचे भांडे क्षणात फुटते.

इतिहास : लेथचे सर्वांत जुने ज्ञात चित्रण ईजिप्तमधील पेटोसायरिस याच्या थडग्यातील शिल्पपटात आढळते. ते इ. स. पू. सु. ३०० मधील आहे. एक मनुष्य पट्टा ओढून लाकूड फिरवितो व दुसरा हत्यार धरतो, असे त्यात दाखविले आहे. पट्टा पुढेमागे ओढला जात असल्याने लाकूडही आळीपाळीने दोन्ही दिशांनी फिरे व कापणे एकाच दिशेस होई. युरोपातील बांबूसारख्या लवचिक खांबाने चालणाऱ्या पायलेथमध्ये व भारतातील दोरीने ओढल्या जाणाऱ्या लेथमध्येही हीच पद्धत होती.

पोकळ वस्तू फार मोठ्या संख्येने कातल्याचे एक प्राचीन उदाहरण जपानमधील आहे. ७६४ मधील बंड मोडल्यावर सम्राज्ञी शोतोकू हिने दहा लाख लहान लाकडी स्तूप करण्याची आज्ञा दिली व ७७० मध्ये ते काम पुरे झाले. प्रत्येक स्तूप सु. २१ सेंमी. उंच असून तो लेथवर कातलेला आहे. त्याच्या धडात वरून एक उभी पोकळी कोरली आहे. तीत धारणीमंत्र छापलेली कागदाची गुंडाळी ठेवून वर कळस बसविलेला असे. कागदावरील छपाईच्या जगातील सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक म्हणून या मंत्रांचा उल्लेख मुद्रणाच्या इतिहासात नेहमी होतो. त्यांना आसरा देणाऱ्या पोकळीचा उल्लेख क्वचितच होतो. स्तूप दहा मंदिरांत वाटण्यात आले. होर्यूजी येथे त्यांपैकी चाळीस हजारांहून अधिक शिल्लक आहेत व कित्येकांच्या तळाशी कारागिराचे नाव आणि दिनांक शाईने लिहिलेला आहे. या स्तूपांतील पोकळी सरळ असल्याने तिला सरळ हत्यार पुरते. लाखेच्या भांड्यांसाठी वाडगे कातणाऱ्या पुढील काळातील ‘किजिशी’ कातार्‍यांना मात्र आकडीसारखे वाकडे हत्यार लागले. इशिकावा प्रांतातील यामानाका येथे कातार्‍याच्या कार्यशाळेतच लहान भट्टी असते. शिकाऊ मुलाने कातण्याबरोबर आपली हत्यारे घडविण्यासही शिकावे, असा तेथील प्रघात आहे.

युरोपातही आकडीच प्रचलित होती. इंग्लंडमधील यॉर्क या नगरातील कॉपरगेट रस्त्याच्या नावाचा तांब्याशी संबंध नसून जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ ‘पेले करणाऱ्यांचा रस्ता’ असा होतो. १९७६–८१ या काळात तेथे झालेल्या उत्खननात व्हायकिंग काळातील कातलेले वाडगे व त्यांच्या पोटातून निघालेले लाकडाचे शंक्वाकृती गाभे सापडले. नाव खरे असल्याची साक्ष जमिनीनेच दिली. हे गाभे तंत्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पायलेथवर ठोकळा दोन टोकांमध्ये पकडलेला असतो. त्यामुळे मधला भाग अखेरपर्यंत ठेवावा लागतो. कातारी लांब दांडीच्या आकडीने या गाभ्याभोवती खोल चर पाडत जातो आणि शेवटी गाभा मोडून काढतो. आकडीचा बाक बरोबर असेल, तर काढलेल्या भागातूनच दुसरा लहान वाडगा व त्यातून तिसरा निघतो. बाक चुकला, तर वाडग्याच्या तळास भोक पडते.

जोसेफ मॉक्सन याने सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या हस्तव्यवसायांवरील पुस्तकमालेत मऊ लाकूड आतून कोरण्यासाठी आकडीचा निर्देश केला आहे. संपूर्णपणे कातारकामास वाहिलेला पहिला ग्रंथ मात्र शार्ल प्ल्यूम्ये (१६४६–१७०४) या फ्रेंच धर्मगुरूचा होय. तो १७०१ मध्ये लीआँ येथे प्रसिद्ध झाला. लाकडाच्या निवडीबरोबरच पोलाद घडविणे व हत्यारांना पाणी देणे यांचीही माहिती त्यात आहे. कातार्‍यास लोहारकाम यावयास हवे, हे प्ल्यूम्ये गृहीतच धरतो. हा गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञही होता. आपल्याकडील देवळांच्या आवारात फुलणाऱ्या खुरचाफ्याच्या प्रजातीस ‘प्लुमेरिया’ हे नाव त्याच्याच स्मरणार्थ मिळाले आहे.

यानंतर परिस्थिती पालटली. १७४० नंतरच्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळविलेले एकजिनसी पोलाद तयार केले. त्यामुळे शेफील्ड हे हत्यारांचे मोठे केंद्र बनले. पटाश्यांचे ठरावीक आकार छापील सूचिपत्रांत आले व कातारी ते विकत घेऊ लागला. हत्यार चांगले मिळू लागले, यात संशय नाही. परंतु सूचिपत्रात जे सर्वांना खपेल तेच येते, आणि एखाद्याच वाडग्याच्या पोटाला जुळणारी आकडी सर्वांना खपण्याजोगी नसते. एकाच दिशेने सतत फिरणारा लेथ आला. त्यावर तबकडीस ठोकळा पकडून गोल पटाशीने वाडगा कोरता येऊ लागला व मधला गाभा ठेवण्याची गरज उरली नाही. चिनी मातीची व पत्र्याची भांडी स्वस्त झाल्याने लाकडी वाडग्याचे गिऱ्हाईकही गेले. या तिन्ही कारणांचा परिणाम एकत्र झाला.

धनिक हौशी कातारी याच सुमारास निराळ्या वाटेने गेले. लंडनच्या होल्ट्‌सॅफेल पेढीने त्यांच्यासाठी अतिशय सुबक लेथ बनविले आणि कातारकामावर पाच खंडांचा ग्रंथ काढला (१८४३–८४). चीनमधील ग्वांगजो (कँटन) येथील कारागीर हस्तिदंताच्या एकाच गोळ्यात एकात एक असे अनेक सुटे गोळे कोरीत. त्याचे युरोपीय हौशी कातार्‍यांना मोठे आकर्षण होते. गोळ्याला केंद्राकडे निमुळती होत जाणारी भोके पाडून त्यांतून काटकोनात वाकविलेली बारीक हत्यारे आत घालतात आणि एकेक थर सुटा करतात. अरुंद तोंडातून आत जाऊन आडवे कापणाऱ्या लहान हत्याराचा हा टोकाचा प्रकार आहे. प्रत्येक थरासाठी हत्याराचे टोक वेगळ्या लांबीचे लागते. चीनने २०१७ च्या अखेरीस हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद केला आणि तो योग्यच होता.

इंग्लंडमधील पायलेथवर वाडगे कातणाऱ्या परंपरेचा अखेरचा प्रतिनिधी जॉर्ज लेली (१८६९–१९५८) हा समजला जातो. बर्कशर परगण्यातील बकलबरी कॉमन या रानाच्या कडेस एका झोपडीत तो एल्म लाकडाचे वाडगे कातीत असे. एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढण्याबद्दल त्याची ख्याती होती. त्याचे वाडवडीलही हाच धंदा करीत. त्याच्यानंतर तो कोणी चालविला नाही. त्याचा लेथ व लांब वाकड्या आकड्या रेडिंग येथील इंग्लिश ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात ठेवण्यात आल्या. संग्रहालय हत्याराचा आकार जतन करू शकते. ते किती तापवावे, कोठे ठोकावे, धार आतून लावावी की बाहेरून आणि फिरत्या लाकडावर ते कोणत्या कोनात धरावे, या गोष्टी मात्र लेलीच्या हातांबरोबर गेल्या.

१९९० नंतरच्या दशकात रॉबिन वुड याने पायलेथवर वाडगे कातण्याचे ठरविले, तेव्हा त्यास शिकविणारा कोणी नव्हता व आकड्या कोठे विकतही मिळत नव्हत्या. त्याने रेडिंग येथील लेथ व आकड्या यांचा अभ्यास केला, तो स्वतः लोहारकाम शिकला आणि चुका करीत करीत आकडी कशी असावी हे शोधून काढले. लाकडी वाडग्याच्या इतिहासावरील त्याचे पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अनेकांनी हे काम उचलले. लेलीच्या मृत्यूपासून या प्रयत्नापर्यंत सु. चार दशके गेली. एवढ्या अवधीत एका कौशल्याचा शोध पुन्हा मुळापासून घ्यावा लागला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत पुनरुज्जीवनाचा मार्ग वेगळा होता. मेल्विन लिंडक्विस्ट (१९११–२०००) हा स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत धातुकामाच्या लेथवर काम केलेला गृहस्थ होता. धातू आतून पोखरण्याची रीत व कार्बाइडच्या टोकाची हत्यारे त्याने लाकडाकडे आणली. अटलांटा येथील वास्तुविशारद एड मूलथ्रॉप (१९१६–२००३) याने प्रचंड आकाराची भांडी कोरण्यासाठी लेथ व हत्यारे दोन्ही स्वतः तयार केली. डेव्हिड एल्सवर्थ (जन्म १९४४) याने १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास अगदी लहान तोंडाची व पातळ भिंतींची पोकळ भांडी कातण्यास प्रारंभ केला. त्यास हवी तशी वाकडी हत्यारे बाजारात नव्हती, म्हणून त्याने ती बनविली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कातारी संघाचा तो पहिला अध्यक्ष होता. या भांड्यांत काही ठेवता येत नाही, अशी टीका कधीकधी होते आणि ती खरीही आहे. परंतु त्यांच्यामुळे पोकळी-हत्यारांचे एक नवे दालन उघडले. नाताळच्या झाडावर टांगावयाचे लाकडी गोळे पोकळ करून हलके करणे, बोटभर उंचीच्या कुप्या कातणे यांसारख्या छंदांना पुढे जो बहर आला, तो या हत्यारांमुळेच.

लहान हत्यारांची घडण : हौशी कातारी दोन रीतींनी लहान हत्यारे बनवितो. पहिली रीत सर्वांत जुनी आहे. भरपूर कार्बन असलेल्या पोलादाची ५-६ मिमी. जाडीची कांब लाल होईपर्यंत तापवून टोकाशी वाकवितात, टोक ठोकून किंचित चपटे करतात व गार झाल्यावर कानशीने आकार देतात. नंतर ते पुन्हा चेरीच्या फळासारखे लाल होईपर्यंत तापवितात. या अवस्थेची एक सोपी कसोटी आहे : सु. ७७० से. तापमानास पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडे अधिक तापवून ते पोलादाच्या जातीप्रमाणे तेलात किंवा पाण्यात बुडवितात. आता टोक काचेसारखे कठीण व तितकेच ठिसूळ असते. या स्थितीत ते वापरल्यास मोडते, म्हणून ते घासून उजळ करतात व मंद आचेवर पुन्हा तापवितात. पृष्ठावर ऑक्साइडचा पातळ थर चढत जातो व त्याच्या जाडीप्रमाणे रंग पालटतात. सु. २२०–२३० से. तापमानास वाळलेल्या गवतासारखा पिवळा रंग येतो, नंतर तपकिरी आणि सु. ३०० से. तापमानास निळा. टोकाशी पिवळा व दांडीकडे निळा असा रंग साधला, म्हणजे धार टिकते आणि दांडी लवली तरी मोडत नाही. हत्याराला पाणी देणे म्हणतात ते हेच. या कामात तापमापकापेक्षा मंद उजेड अधिक उपयोगी पडतो. भर उन्हात लाल रंगाची छटा ओळखता येत नाही.

दुसरी रीत फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी १९०० च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध केलेल्या शीघ्रगती पोलादामुळे शक्य झाली. हे पोलाद घासताना तापून निळे पडले, तरी त्याची कठिणता जात नाही. परंतु त्यास पाणी देण्यासाठी सु. १,२०० से. तापमान लागते व ते घरच्या भट्टीत साधत नाही. म्हणून आयते कठीण केलेले लहान तुकडे घेऊन ते फक्त निसण्यावर घासतात आणि साध्या पोलादाच्या वाकविलेल्या दांडीत भोक पाडून डिंकासारख्या चिकट द्रव्याने किंवा लहान स्क्रूने बसवितात. दांडी लवचिक व टोक कठीण अशी विभागणी यात आपोआप होते. चिकटविलेले टोक तापवून सुटे करता येते व बदलता येते. षट्‌कोनी ॲलन किल्ली मुळातच वाकलेली असते, म्हणून तिचे टोक घासून बनविलेले हत्यार नवशिक्यांत लोकप्रिय आहे. काँक्रीटमध्ये ठोकावयाचे खिळे व मोडकी गिरमिटेही अशीच उपयोगी पडतात. जुन्या कानशीचे पोलाद उत्तम असते. परंतु ती अतिशय ठिसूळ असते. पाणी उतरविल्याशिवाय कानशीपासून बनविलेले हत्यार पोकळीत अडकले, तर त्याचा तुकडा उडून कातार्‍याच्या तोंडावर येऊ शकतो. डोळ्यांवर व चेहऱ्यावर संरक्षक आवरण असल्याशिवाय हे काम करू नये. पोकळीत साठणारा भुसाही लेथ थांबवूनच काढावा लागतो; तो दाटला, की हत्यार अडकते.

मूठ कातारी अर्थातच स्वतः कातून घेतो. दांडी जेथे मुठीत शिरते, तेथे लाकूड उलू नये म्हणून पितळी नळीचे कडे बसवितात. दांडी लहान असली, तरी मूठ लांब ठेवणे हिताचे असते. टोकाशी येणारा धक्का त्यामुळे सहज पेलता येतो.

भारतातील स्थिती : भारतात सावंतवाडी, कर्नाटकातील चन्नपट्टण, आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका, गुजरातेतील संखेडा व उत्तर प्रदेशातील वाराणसी ही कातीव व लाखकाम केलेल्या वस्तूंची प्रसिद्ध केंद्रे आहेत. जुन्या पद्धतीत कातारी जमिनीवर बसून काम करी. मदतनीस दोरी ओढी किंवा कातारी एका हाताने कमान चालवी आणि दुसऱ्या हाताने व पायाच्या बोटांनी हत्यार सांभाळी. चन्नपट्टण व एटिकोप्पाका येथे काळ्या कुड्याचे मऊ, पांढरे लाकूड वापरतात. लाखेची रंगीत कांडी फिरत्या वस्तूवर दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते व रंग चढतो. महाराष्ट्रातील घराघरांत असणारा कुंकवाचा करंडा, बाळाचा खुळखुळा व एकात एक बसणाऱ्या डब्या ही पोकळ कातारकामाची परिचित उदाहरणे होत. करंड्याचे तोंड रुंद असते व खुळखुळा दोन भागांत कोरून जोडता येतो. त्यामुळे अरुंद तोंडातून आत शिरणाऱ्या वाकड्या हत्याराची निकड येथे फारशी भासली नाही. विजेचा लेथ आल्यावर मदतनिसाची गरज संपली. तरी धार लावण्याचे काम अजून कातार्‍याकडेच आहे.

एकविसाव्या शतकात कार्बाइडची लहान चकतीसारखी, फिरवून नवी धार पुढे आणता येणारी टोके सर्वत्र मिळू लागली आहेत. धार लावण्याचा खटाटोप त्यांनी वाचविला. वाकडी दांडीही आता विकत मिळते. मात्र ती ठरावीक बाकांचीच असते. त्यामुळे तीन-चार सेंमी. उंचीच्या कुपीच्या खांद्याखाली हत्यार पोचत नसल्याचे आढळले, की कातारी कांब तापवून हवा तसा बाक स्वतःच देतो.